उतारावरचें पोलादी फाटक

घर बांधणारा मनुष्य पायाचा विचार करतो, छपराचा करतो, खिडक्यांच्या दिशांचाही करतो. फाटकाचा विचार मात्र सर्वांत शेवटीं, हातांतला पैसा संपत आला असतां करतो. नक्षी निवडली, रंग ठरविला, कारागिराला रुंदी व उंची सांगितली कीं फाटकाचें काम झालें, अशी सर्वसाधारण समजूत असते. सपाट जागेंत ही समजूत खपून जाते. जमीन उताराची असली म्हणजे मात्र पहिल्याच पावसाळ्यांत तिचा फोलपणा कळून येतो. फाटक अर्धें उघडतें आणि जमिनीला घासून अडतें. बंद केलेलें फाटक आपोआप उघडतें. किंवा उघडून ठेवलेलें फाटक पाठमोऱ्या माणसावर येऊन आदळतें. मग कोणी लोखंडाला दोष देतो, कोणी कारागिराला. वस्तुतः बहुतेक वेळां दोष असतो तो उताराचा हिशेब न केल्याचा.

कोल्हापुरांत हा प्रश्न पुष्कळ घरांना भेडसावतो. शहराची जुनी वस्ती पंचगंगेपासून फार दूर नाहीं. नवी वस्ती मात्र वाढत वाढत माळांवर आणि टेंबलाईच्या टेकडीच्या अंगाला गेलेली आहे. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनंतर उंचावरची जागा लोकांना हवीशी वाटावी, यांत नवल नाहीं. पन्हाळ्यासारख्या ठिकाणीं तर सपाट जागा हीच दुर्मिळ. पोलादी फाटक करून घेणें येथें अवघड नाहीं, कारण शिवाजी उद्यमनगरांत आणि शिरोली, गोकुळ शिरगांव येथील औद्योगिक वसाहतींत लोखंडकामाचें कसब चांगलें मुरलेलें आहे. अवघड आहे तें त्या फाटकाचें जमिनीशीं जुळवून देणें. आणि हें काम कारखान्यांत होत नाहीं, जागेवरच करावें लागतें.

फाटक म्हणजे काय, याचा प्रथम विचार करावा. जमिनीला टेकूं न देतां, एकाच कडेनें टांगून ठेवलेलें वजन म्हणजे फाटक. हें वजन किती असतें, याची घरमालकाला सहसा कल्पना नसते. बारा फुटी वाटेला सहा-सहा फुटांच्या दोन झडपा आणि पांच फूट उंची, हें नेहमींचें माप धरूं. एक घनमीटर पोलादाचें वजन ७८५० किलो भरतें. त्या हिशेबानें २ मिलिमीटर जाड पत्रा एका झडपेला सुमारें ४४ किलो लागतो. चौकटीच्या चौकोनी नळ्या पंचवीस-तीस किलोंच्या होतात. म्हणजे एक झडप सत्तर किलोंच्या घरांत गेली. धान्याचें भरलेलें पोतें दोन बिजागऱ्यांवर दिवसरात्र अधांतरीं धरून ठेवावें, त्यांतलाच हा प्रकार.

शिवाय हें वजन सरळ खालीं दाबत नाहीं. तें खांबाला आपल्याकडे ओढतें. झडपेचा भारमध्य तिच्या मधोमध, म्हणजे बिजागऱ्यांपासून तीन फुटांवर असतो. दोन बिजागऱ्यांत चार फुटांचें अंतर असेल, तर ७० ला ३ नें गुणून ४ नें भागावें. उत्तर साडेबावन्न किलो येतें. वरची बिजागरी खांबापासून इतक्या जोरानें ओढली जाते आणि खालची तितक्याच जोरानें खांबावर दाबली जाते. आतां दोन झडपांऐवजीं बारा फुटांची एकच झडप केली तर काय होईल? वजन दुप्पट, म्हणजे १४० किलो. भारमध्याचें अंतरही दुप्पट, म्हणजे सहा फूट. ओढ होते २१० किलो, चौपट! रुंदी दुप्पट केली कीं खांबावरचा ताण चौपट होतो, हा नियम घरमालकानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. विटांच्या नाजूक खांबाला अवाढव्य फाटक लटकावणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड करणें होय.

आतां उताराकडे वळूं. उताराच्या जागीं पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, जमीन कशीही असो, दोन्ही बिजागऱ्यांच्या मध्यांतून जाणारी रेषा ओळंब्यांत असली पाहिजे. ही रेषा अगदीं उभी असेल, तर झडप कोठेंही नेऊन सोडली तरी ती तेथेंच राहते. कारण फिरतांना तिचा भारमध्य वर चढत नाहीं आणि खालींही उतरत नाहीं. रेषा जरा कलली कीं झडपेच्या मार्गांत एक सखल जागा आणि एक उंच जागा उत्पन्न होते. मग पाणी जसें सखल भागाकडे धांवतें, तशी झडप सखल जागेकडे जाऊं पाहते. सहा फूट उंचीचा खांब माथ्याशीं केवळ अर्धा इंच कलला, तर सत्तर किलोंच्या झडपेच्या टोकाशीं सुमारें पाव किलोचा रेटा उत्पन्न होऊं शकतो. पाव किलो कांहींच नव्हे, असें वाटेल; पण तेल घातलेल्या बिजागरीवर झडप चालती करावयास तेवढा पुरेसा असतो. फाटक आपोआप उघडतें म्हणून ज्या घरांत कुजबुज होते, त्या घरांतील वडील मंडळींनीं प्रथम खांबाला ओळंबा लावून पाहावा.

येथें डोळा फसतो. उताराच्या रस्त्यावर उभें राहून पाहिलें असतां जमिनीशीं काटकोनांत असलेला खांब सरळ वाटतो आणि खराखुरा उभा खांब कललेला वाटतो. म्हणून नजरेवर भिस्त न ठेवतां खांबाच्या दोन लगतच्या बाजूंना ओळंबा लावावा. एकाच बाजूला लावून भागत नाहीं. खांब एका दिशेनें उभा आणि दुसऱ्या दिशेनें कललेला असूं शकतो. झडप चढविल्यानंतर हीच परीक्षा पुन्हां करावी, कारण वजन पडल्यावर खांब किंचित झुकतो. नंतर पावसाळा संपल्यावर आणखी एकदां करावी.

वजन हें असें निरंतर जागें असतें. त्याच्याकडे दुर्लक्ष केलें तर तें घात करतें. त्याचा हिशेब ठेवला तर तेंच चाकरी करतें. याचें उत्तम उदाहरण कोल्हापूरकरांच्या नित्य परिचयाचें आहे. भोगावती नदीवरचें राधानगरी धरण राजर्षि शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हातीं घेतलें. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठराविक पातळीपर्यंत भरला कीं ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरलें कीं आपोआप मिटतात. प्रत्येक दरवाजांतून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडतें, ही वार्ता पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते. त्यांचें चलन पाण्याचा दाब आणि वजन यांच्या मोजून साधलेल्या समतोलावर अवलंबून आहे. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं पुण्याजवळच्या खडकवासल्यास १९०३ सालीं स्वयंचलित दरवाजे बसविले, त्यांतही तत्त्व समतोलाचेंच होतें. अंगणाचें फाटक त्यामानानें क्षुल्लक. परंतु नियम दोघांनाही एकच लागू आहे.

उतार दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. एक आडवा उतार : रस्ता स्वतःच उतरता असतो, त्यामुळें फाटकाचा एक खांब उंचावर आणि दुसरा सखलांत येतो. दुसरा आंतला चढ : दोन्ही खांब एका पातळींत असतात, पण फाटकांतून आंत शिरतांच जमीन घराकडे चढूं लागते. कित्येक ठिकाणीं दोन्ही एकत्र असतात. कोणता उतार किती आहे हें गवंड्याच्या पाण्याच्या नळीनें क्षणांत कळतें. पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं दोन टोकें दोन खांबांशीं धरलीं, म्हणजे दोन्हीकडचें पाणी एका पातळींत उभें राहतें. त्या पातळीच्या खुणांपासून जमीन किती खालीं आहे तें दोन्हीकडे मोजावें. दोन मापांतील फरक हाच उतार. फुटाला एक इंच, म्हणजे बारांत एक, असा उतार डोळ्यांना बेताचा दिसतो; परंतु बारा फुटी फाटकांत तो बारा इंचांचा फरक पाडतो.

आडवा उतार प्रथम घेऊं. झडपेची खालची कड सपाट ठेवली तर सखल बाजूला मोठी फट राहते. तींतून कुत्रें शिरतें आणि लहान मूल रस्त्यावर जाऊं शकतें. म्हणून कारागीर सुचवितो कीं खालची कड जमिनीसारखी तिरपी कापावी. सूचना चांगली आहे, पण अर्धीच. तिरप्या कडेची झडप कोणत्या खांबाला टांगावयाची, हें त्याबरोबर ठरवावें लागतें. ती सखल बाजूच्या खांबाला टांगली, तर बंद असतांना तिचें टोक चढाच्या बाजूला, उंच जमिनीवर असतें. ती आंत उघडली कीं तें टोक तितकेंच उंच राहून मोकळें फिरतें. उलट ती उंच बाजूच्या खांबाला टांगली, तर बंद असतांना तिचें टोक सखल जमिनीजवळ लोंबत असतें, आणि उघडूं लागतांच तें उंच जमिनींत घुसूं पाहतें. दोन झडपांच्या फाटकांत यांतील एक झडप नेहमींच उंच खांबाला असते आणि तीच अडते.

यावर तोड अशी. सखल खांबाची झडप मोठी करावी आणि तिची कड तिरपी ठेवावी. उंच खांबाची झडप लहान करावी आणि तिची कड सपाट ठेवावी. बारा फुटांत आठ व चार अशी वांटणी केली आणि उतार फुटाला इंच असला, तर लहान झडपेच्या टोकाखालीं फट चारच इंचांची राहते. सारख्या झडपा केल्या असत्या तर ती सहा इंच झाली असती. मोठी झडप रुंद होते, म्हणून तिचा ताण वर सांगितलेल्या रीतीनें मोजून सखल बाजूचा खांब तितका भक्कम करावा. वाट लहान असेल तर सखल खांबाला एकच झडप टांगणें हा सर्वांत सरळ मार्ग होय. झडपेची खालची कड तिरपी असली तरी बिजागऱ्यांकडील कड मात्र ओळंब्यांतच राहिली पाहिजे.

आतां आंतला चढ. सहा फुटांची झडप आंत उघडली कीं तिचें टोक सहा फूट आंत जातें. चढ फुटाला इंच असेल तर तेथें जमीन सहा इंच वर आलेली असते. म्हणून झडप सहा इंचांहून थोडी अधिक उचलून बसवावी लागते आणि बंद फाटकाखालीं तेवढी फट सताड राहते. मग सोपा मार्ग म्हणून फाटक बाहेर, रस्त्याकडे उघडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे. आपल्या फाटकाचें टोक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या, विशेषतः सायकलीवरच्या मुलाच्या तोंडावर उघडणें हा अन्याय आहे आणि बांधकामाच्या नियमांचा रोखही त्याविरुद्धच आहे.

याचें खरें उत्तर जुन्या बांधकामांत सांपडतें. पन्हाळगडाचा चार दरवाजा १८४४ सालच्या उठावाच्या सुमारास इंग्रजांनीं पाडला. पश्चिमेकडील तीन दरवाजा मात्र आजही उभा आहे. तो पाहतांना सर्वांचें लक्ष कोरीव कामाकडे जातें. पण बाहेरच्या आणि आंतल्या दारांमध्यें जो चौक राखला आहे, त्याकडेही लक्ष द्यावें. गड डोंगरावरचा, वाट चढाची. तरी दार ज्या जागेंत फिरावयाचें तेवढी जागा मोकळी आणि समतल लागते. वाड्यांच्या जुन्या लांकडी दारांतही उंबऱ्याच्या आंतली देवडी सपाट असे, आणि दाराच्या कडेचें खालचें टोक दगडांतल्या खळग्यांत उभें फिरे. चढ काय तो देवडीच्या अलीकडे किंवा पलीकडे, पायऱ्यांत. घराच्या फाटकालाही हाच कित्ता गिरवावा. खांबांपासून आंत झडपेच्या रुंदीइतकी, आणि वर अर्धा-एक फूट, जमीन खोदून सपाट करावी. चढ त्यापुढें सुरू करावा. पुढचा चढ यामुळें थोडा तीव्र होतो. म्हणून मोटारीची पाठ घासणार नाहीं अशा बेतानें चढाच्या आरंभीं व शेवटीं वळण सौम्य ठेवावें. एवढें खोदकाम केलें कीं फाटकाच्या निम्म्या अडचणी तेथेंच मिटतात.

खोदकाम शक्य नसलें म्हणजे कांहीं कारागीर दुसरी युक्ति सुचवितात : बिजागऱ्यांची रेषा मुद्दाम रस्त्याकडे कलती करावी, म्हणजे झडप आंत उघडतांना आपोआप वर उचलली जाते आणि चढाला लागत नाहीं. युक्ति खोटी नाहीं, पण तिची किंमत ओळखून घ्यावी. सहा फुटांत सहा इंच टोक उचलावयाचें, तर चार फुटांच्या अंतरांत वरची बिजागरी खालचीपेक्षां चार इंच बाहेर काढावी लागते. टोक सहा इंच चढतें तेव्हां भारमध्य तीन इंच चढतो. म्हणजे फाटक उघडून ठेवणें हें सत्तर किलोंचें वजन तीन इंच उचलून धरण्यासारखें झालें. कडी निसटली कीं तें वजन खालीं येतें आणि त्याचा सारा आघात मिटणाऱ्या झडपेवर होतो. मध्यें मुलाचीं बोटें असलीं तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून असें फाटक केलेंच, तर उघड्या स्थितींत धरून ठेवणारा भक्कम आंकडा, बंद होतांना वेग आवरणारी योजना आणि झडप व खांब यांमध्यें रबरी ठोकळा, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. मुलें व वृद्ध ज्या घरांत आहेत, तेथें ही युक्ति न वापरलेलीच बरी.

आंतला चढ मोठा असून रस्ता मात्र समतल असेल, तर सरकतें फाटक उत्तम; कारण तें आंत जातच नाहीं, भिंतीच्या कडेनें बाजूला सरतें. परंतु सरकत्या फाटकाचा रूळ पाणसळ लावून अगदीं समतल घातला पाहिजे. दीडशें किलोंचें फाटक फुटाला इंच उताराच्या रुळावर ठेवलें, तर तें साडेबारा किलोंच्या जोरानें खालीं धांवूं पाहतें. फुटाला पाव इंच एवढ्या नाममात्र उतारावरही तीन किलोंचा जोर राहतो आणि चांगल्या चाकांना हलवावयास तो पुरे होतो. रस्ताच उतरता असेल तर रूळ समतल ठेवणें कठीण. बारा फुटी फाटकाला सरकण्याच्या जागेसह चोवीस फूट रूळ लागतो. फुटाला इंच उतारावर त्याच्या दोन टोकांत दोन फुटांचा फरक पडेल. अशा जागीं सरकत्या फाटकाचा नाद सोडून द्यावा. थोडक्यांत, आंतल्या चढाला सरकतें फाटक आणि आडव्या उताराला सखल खांबाची झडप, अशी जोडी ध्यानांत ठेवावी.

सरकत्या फाटकाविषयीं आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. फाटक अंगावर पडून मुलें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत असतात. कारण बहुधा एकच असतें : फाटक रुळाच्या शेवटीं थांबत नाहीं, वरच्या आधारांतून निसटतें आणि आडवें होतें. रुळावर उभें असलेलें फाटक स्वतःच्या बळावर उभें नसतें. वरचे आधार त्याला उभें धरतात. म्हणून रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के अडसर असावेत, आणि ते चाकाला नव्हे तर फाटकाच्या चौकटीला अडविणारे असावेत. वरचे आधार दोन जागीं असावेत, म्हणजे एक निखळला तरी दुसरा धरील. ज्या फाटकांना विजेची मोटार असते, त्यांची वीज गेली म्हणजे मोटार सोडवून फाटक हातानें ढकलतात. नेमक्या त्याच वेळीं उताराच्या रुळावरचें फाटक मोकाट सुटतें. मोटार ही अडसराची जागा घेऊं शकत नाहीं.

खांबांचा पाया उतारावर विशेष काळजीनें घालावा. पायाची खोली वरच्या बाजूनें न मोजतां सखल बाजूनें मोजावी, कारण त्या बाजूची माती पावसानें वाहून जाते आणि खांबाचा पाय उघडा पडतो. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसते, म्हणून तींतच पाया न थांबवितां खालच्या घट्ट मुरुमापर्यंत जावें. पश्चिमेस गगनबावड्याकडे पावसाचें मान शहराहून पुष्कळ अधिक. तेथें ही दक्षता दुप्पट घ्यावी. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी, असें कॉंक्रीट नेहमींच्या घरगुती फाटकाला चालतें. दोन्ही खांब जमिनीखालीं कॉंक्रीटच्या तुळईनें एकमेकांस जोडले, तर आडव्या उतारावर त्यांचें कलणें पुष्कळच टळतें. विटांचा खांब करावयाचा असेल तर त्याच्या पोटांत लोखंडी सळ्यांचें कॉंक्रीट असावें आणि बिजागरीचे गज त्यांत रुतलेले असावेत. नुसत्या विटांच्या सांध्यांत खुपसलेली बिजागरी आज ना उद्यां निघून येते. कॉंक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावें. त्याला पुरी ताकद यावयास सुमारें २८ दिवस लागतात. सणापूर्वीं फाटक लागलें पाहिजे या हट्टापायीं ओल्या खांबाला झडप टांगणें म्हणजे खांब कलण्याची सोय आपल्या हातानेंच करून ठेवणें होय.

उतारावर फाटकाचा दुसरा शत्रु म्हणजे पाणी. चढावरचें सारें पाणी फाटकाशींच येऊन पोंचतें. तें अडविण्यासाठीं फाटकाच्या आंतल्या अंगाला, झडप फिरते त्या जागेच्या पलीकडे, आडवी चर खणून तिच्यावर लोखंडी जाळी टाकावी व पाणी बाजूच्या गटारांत सोडावें. खालची कडी ज्या भोकांत उतरते तें भोक चिखलानें भरतें. मग कडी पुरती बसत नाहीं आणि फाटक केवळ वाऱ्यानें उघडतें. त्या भोकाला तळाशीं नळी जोडून ती उताराच्या बाजूला काढून द्यावी. पोकळ नळ्यांच्या चौकटीला खालच्या बाजूस लहान छिद्रें ठेवावींत, नाहींतर आंत सांचलेलें पाणी बाहेरच्या रंगाला न कळत पोलाद खाऊन टाकतें. जोडकाम झाल्यावर प्रत्येक सांधा घासून स्वच्छ करावा, गंजरोधक रंगाचे दोन हात द्यावे आणि मगच वरचा रंग लावावा. गंज बहुधा सांध्यापासून सुरू होतो.

फाटक तयार होण्यापूर्वीं घरमालकानें एक परीक्षा स्वतः करावी. तिला खर्च नाहीं. झडपेच्या लांबीचा सरळ बांबू घ्यावा. खालची कड जेथें यावयाची त्या उंचीवर तो खांबाशीं आडवा धरावा, पाणसळीनें समतल करावा आणि बंद स्थितीपासून पूर्ण उघड्या स्थितीपर्यंत हळूहळू फिरवावा. थोडथोड्या अंतरावर थांबून बांबूच्या टोकाखालीं किती जागा आहे तें मोजून कागदावर लिहावें. दोन्ही प्रकारचा उतार एकत्र असलेल्या जागीं सर्वांत उंच जमीन आरंभीं किंवा शेवटींच असेल असें नाहीं. ती मध्येंच कोठेंतरी तिरकस दिशेलाही असूं शकते. म्हणूनच नुसतीं दोन टोकें मोजून केलेलें फाटक अर्ध्या वाटेंत अडतें. बांबू जेथें टेकेल तेथें फाटक टेकणार. दोन्ही खांबांच्या बाजूनें अशी परीक्षा केली, तर बांबूचे ते आंकडे कारागिराला रुंदी-उंचीपेक्षां अधिक उपयोगी पडतात.

फाटक लागल्यावर दुसरी परीक्षा. झडप चतुर्थांश, अर्धी आणि पाऊण उघडून प्रत्येक वेळीं हात काढून घ्यावा. ती जागच्या जागीं राहिली तर काम बरोबर झालें. हलली तर पैसे चुकते करण्यापूर्वीं बिजागऱ्या सरळ करून घ्याव्यात. मुलें फाटकावर झोके घेणारच, हेंही गृहीत धरावें. पंचवीस किलोंचें मूल सहा फुटांच्या झडपेच्या टोकाला लोंबकळलें, तर वरच्या बिजागरीवरची ओढ साडेसदतीस किलोंनीं वाढून नव्वद किलो होते. मुलाला रागें भरून हा आंकडा कमी होत नाहीं. बिजागरी आणि खांब नव्वद किलोंच्याहूनही बरेंच अधिक सोसतील असे करूनच त्याची तरतूद होते. वर्षांतून दोनदां, पावसाळ्याआधीं आणि नंतर, बिजागऱ्यांना वंगण द्यावें, अडसर हालवून पाहावे, आणि ओळंबा पुन्हां एकवार खांबाला लावावा. एवढें काम घरांतील शाळकरी मुलगा किंवा मुलगीही करूं शकेल. आणि फाटकाचें वजन कसें वागतें तेंही त्यांना त्यांतूनच समजेल.